ऑगस्टमधील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड : पावसाळी जॅकेट निवडताना काय पाहावे?

प्रश्न : रानवाट, नाशिक

सर्वांना नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये मी आणि माझे बाबा उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड साहिब येथे जाणार आहोत. बाबांचे वय ६३ असून प्रकृती उत्तम आहे; कळसूबाई, हरिश्चंद्रगड, ब्रह्मगिरी हे सारे त्यांच्या पायाखालचे आहे. मात्र आमची आजवरची भटकंती सह्याद्रीतलीच आहे, आणि सह्याद्रीच्या पावसात भिजण्याचे कुणाला फारसे काही वाटत नाही. अंगावर साधा रेनकोट असतो, तो आतून-बाहेरून ओला होतो, पायथ्याच्या गावात येऊन कपडे बदलले आणि चहा घेतला की विषय संपतो. तीन हजार मीटरच्या वर, थंडीत आणि दिवसभराच्या पावसात हा हिशेब चालणार नाही, एवढे मला समजते.

जॅकेट घ्यायला दुकानात गेले तेव्हा गोंधळ अधिकच वाढला. कुठे ५,००० मिमी, कुठे १०,०००, कुठे २०,००० असे आकडे लिहिलेले होते आणि त्यांचा नेमका अर्थ कुणालाच सांगता येत नव्हता. विक्रेत्याने आग्रहाने एक जाड अस्तराचे जॅकेट दाखवले, ज्यात ऊबही मिळते आणि पाऊसही अडतो, म्हणजे एकाच खर्चात दोन्ही कामे होतात, असे त्याचे म्हणणे होते. आमच्याकडे दोघांच्या जॅकेटांसाठी मिळून १५,००० रुपये आहेत आणि हीच जॅकेटे पुढे सह्याद्रीतही वापरता यावीत अशी इच्छा आहे. आकड्यांकडे किती लक्ष द्यावे, अस्तराचे जॅकेट घ्यावे का, आणि बाबांच्या वयाचा विचार करता आणखी कशाची काळजी घ्यावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : हिमवाटसरू, पुणे

ताई, ते जाड अस्तराचे जॅकेट कृपया घेऊ नका. त्यामागचे कारण सविस्तर सांगतो, कारण ते एकदा लक्षात आले की बाकीची निवड बरीच सोपी होते.

चालणे जिथून सुरू होते ते पुलना आणि मुक्कामाचे घांघरिया यांच्यामध्ये सुमारे १० किलोमीटरची चढाची वाट आहे. घांघरिया साधारण ३,०५० मीटर उंचीवर आहे आणि ऑगस्टमध्ये तेथे दिवसाचे तापमान १५ अंशांच्या आसपास असते. पाठीवर सॅक घेऊन चढताना शरीर इतके तापते की अस्तराचे जॅकेट थोड्याच वेळात नकोसे होते. पण पाऊस पडत असल्यामुळे ते काढताही येत नाही. मग बाहेरून पाऊस अडतो आणि आतून घामाने अस्तर भिजत राहते. घांघरियात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की असे भिजलेले अस्तर रात्रभरात वाळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हेमकुंडाच्या चढाला निघताना तेच ओले, जड जॅकेट अंगावर चढवावे लागते. हेमकुंड घांघरियाच्या वर हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर आहे. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते हे लक्षात घेतले, तर वर पोहोचेपर्यंत थंडी किती वाढते याचा अंदाज येईल. त्यात भर म्हणून वर वारा असतो.

म्हणून ऊब आणि पाऊस ही दोन कामे दोन वेगळ्या कपड्यांकडे सोपवावीत. अंगाला लागून पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा पातळ शर्ट, त्यावर गरजेनुसार फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचे उबदार जॅकेट), आणि सर्वांत बाहेर पाऊस व वारा अडवणारे, अस्तर नसलेले पातळ जॅकेट, अशी रचना ठेवावी. चढताना फ्लीस सॅकमध्ये राहते. थांबल्यावर किंवा वर पोहोचल्यावर ते आत चढवायचे. सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि जीन्स या तिन्ही गोष्टी नाशिकलाच ठेवून या. सुती कापड पाणी धरून ठेवते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेते. पिसांचे डाउन जॅकेट रात्री खोलीत घालायला उत्तम आहे, पण भिजले की त्यातील पिसे चिकटून बसतात आणि ऊब नाहीशी होते. त्यामुळे ते पावसात चालताना वापरण्याचे कपडे नव्हे.

आता बाहेरच्या जॅकेटविषयी. कापडाच्या आकड्यांपेक्षा मी त्याच्या बांधणीकडे अधिक लक्ष देतो, आणि त्यातही काखेखालच्या झिपांकडे सर्वांत आधी. कोपरापासून बरगडीपर्यंत उघडणारी ही झिप पावसातही उघडी ठेवता येते, कारण तेथे पाणी सहसा पोहोचत नाही, आणि आतली गरम वाफ तिथून निघून जाते. कितीही महागडे कापड असले तरी चढावर निर्माण होणारा सगळा घाम त्यातून बाहेर पडत नाही. उघडी झिप मात्र ते काम लगेच करते. आपल्या खर्चाच्या मर्यादेत काखेची झिप असलेले जॅकेट मिळत असेल, तर वरच्या दर्जाचे कापड सोडून ते घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर टोपी. ती डोक्याच्या मागच्या बाजूने आवळता आली पाहिजे आणि पुढे तिला ताठ छज्जा हवा. दुकानात टोपी घालून मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहा. टोपी डोक्याबरोबर वळली नाही, तर मान वळवताच एका डोळ्यासमोर कापड येते आणि ओल्या दगडी वाटेवर ते धोक्याचे असते, विशेषतः मागून खेचरे येत असतील तेव्हा. तिसरी गोष्ट मनगटाची. बाबा काठी वापरणार असतील तर त्यांचा हात सतत वर उचललेला असेल आणि पाणी तळहातावरून मनगटात, तिथून कोपरापर्यंत ओघळत जाईल. मनगटाला नुसते इलॅस्टिक असेल तर ते पाणी अडत नाही; वेल्क्रोची पट्टी असलेले मनगट घट्ट आवळता येते. खिसे सॅकच्या कमरपट्ट्याच्या वर आहेत ना, आणि सॅक लावल्यावर जॅकेट मागून वर सरकत नाही ना, हेही तिथेच पाहून घ्यावे.

बाबांच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगतो. भिजलेल्या अवस्थेत वाऱ्यात थांबल्यावर शरीराचे आतील तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, तर त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. पाच-सहा अंशांतला वारा आणि पाऊस त्याला पुरेसा असतो. थरथर, झिप लावताना बोटे न वळणे, बोलताना अडखळणे, चालताना तोल जाणे ही त्याची चिन्हे आहेत. थरथर आपोआप थांबली आणि माणूस गप्प झाला, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नये. स्थिती अधिक गंभीर झाल्याचे ते लक्षण आहे. अशा वेळी ताबडतोब आडोशाला नेऊन ओले कपडे उतरवावेत आणि कोरडे घालावेत. यासाठी दोघांच्याही सॅकमध्ये एक पूर्ण कोरडा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला असावा, आणि वाट कितीही ओली असली तरी तो चालण्यासाठी काढू नये.

उत्तर : ताणाबाणा, इचलकरंजी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आकड्यांचा प्रश्न निघाला आहे आणि कापडाच्या चाचण्या हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो.

पहिला आकडा पाणी अडवण्याचा. कापडाचा तुकडा चकतीत घट्ट आवळून एका बाजूने पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी पाणी उमटले की त्या वेळचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत नोंदवतात. म्हणजे १०,००० मिमी लिहिलेल्या कापडाने दहा मीटर उंच स्तंभाचा, साधारण एका वातावरणाइतका दाब सोसलेला असतो. पडणारा पाऊस एवढा दाब कधीच देत नाही. दाब वाढतो तो सॅकचा पट्टा खांद्यावर रुततो तेथे, आणि ओल्या दगडावर बसतो तेव्हा. आपल्या प्रवासासाठी १०,००० ते १५,००० मिमी पुरेसे आहे आणि २०,००० साठी जादा पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही. मात्र हा आकडा कोऱ्या कापडाचा असतो, शिवणीचा नसतो. प्रत्येक शिवण म्हणजे सुईने पाडलेल्या छिद्रांची ओळ आहे. जॅकेट उलटे करून पाहा : खांदा, टोपी, काख, खिसे अशा सर्व शिवणींवर आतून टेप चिकटवलेली दिसली पाहिजे. काही स्वस्त जॅकेटांत ती फक्त खांद्यावर आणि टोपीवर असते. अशी जॅकेटे थोड्या वेळच्या सरींपुरती ठीक आहेत. टेपची कडा नखाने हलकेच उचलून पाहावी. नव्या जॅकेटात ती सुटता कामा नये.

दुसरा आकडा वाफ बाहेर सोडण्याचा. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ जाते, असे त्याचे माप असते. येथे ग्राहकाची दिशाभूल सहज होते, कारण या चाचणीच्या पद्धती अनेक आहेत आणि एकाच कापडाला एका पद्धतीत मिळणारा आकडा दुसऱ्या पद्धतीत कितीतरी पट मोठा येऊ शकतो. चाचणीची पद्धत लिहिलेली नसेल, तर दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा आरईटी हे माप भरवशाचे आहे. त्यात वाफेला होणारा विरोध मोजतात, त्यामुळे आकडा जितका लहान तितके कापड चांगले. सहाच्या आत असेल तर उत्तम, १३ पर्यंत असेल तर चांगले, २० च्या वर असेल तर ते कापड चढावर घालण्याजोगे नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वाफ कापडातून बाहेर जाते ती आतला बाष्पदाब, म्हणजे हवेतील वाफेचा दाब, बाहेरच्यापेक्षा जास्त असतो म्हणून. आपली त्वचा सुमारे ३३ अंशांवर असते आणि घामाने ओली झाल्यावर तिच्यालगत बाष्पदाब साधारण ५ किलोपास्कल असतो. जुलैमध्ये हरिश्चंद्रगडावर हवा २२ अंशांची आणि धुक्याने पूर्ण संपृक्त, म्हणजे आणखी वाफ मावणार नाही अशी असली, तर बाहेरचा बाष्पदाब सुमारे २.६ किलोपास्कल होतो; म्हणजे वाफेला ढकलणारा फरक जेमतेम २.४ उरतो. हेमकुंडाच्या वाटेवर ५ अंशांत हवा तितकीच संपृक्त असली, तरी बाहेरचा दाब ०.९ च्या आसपास असतो आणि फरक ४ च्या वर जातो. तेच जॅकेट, तोच माणूस, आणि तरीही सह्याद्रीत कापडाचे काम जवळपास निम्म्याने अवघड होते. शिवाय सह्याद्रीत घामही अधिक येतो. म्हणूनच ‘इतके महाग जॅकेट घेतले तरी राजगडावर आतून भिजलोच’ ही तक्रार सतत ऐकू येते. दोष जॅकेटचा नसतो. हे कापड थंड हवेसाठी बनलेले आहे.

या कापडांचा इतिहासही थंड प्रदेशातलाच आहे. अमेरिकेत १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणला आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी तयार झाली; पाण्याच्या थेंबाला ती ओलांडता येत नाही, वाफेला येते. १९७६ पासून या जाळीचे ‘गोर-टेक्स’ नावाचे कपडे विक्रीला आले. आपल्या खर्चात बहुधा त्याऐवजी पॉलियुरेथेनचा लेप किंवा पडदा असलेली जॅकेटे मिळतील. त्यात वाईट काही नाही. वाफ सोडण्यात ती थोडी कमी पडतात आणि टिकतात कमी, एवढेच. अशा जॅकेटात काखेची झिप असणे अधिकच गरजेचे ठरते.

उत्तर : वाशिष्ठी, चिपळूण

सह्याद्रीसाठीही हेच जॅकेट वापरायचे का, या प्रश्नावर माझे मत थोडे वेगळे आहे. वर दिलेला हिशेब पाहता सह्याद्रीच्या जंगलवाटांवर भारी जॅकेट झिजवण्यात फायदा काहीच नाही आणि तोटा मात्र पुष्कळ आहे. करवंदीच्या जाळ्या आणि कातळावरची घसरण यांत ते लवकर खराब होते. आपल्याकडे पावसात कोरडे राहणे हे ध्येय ठेवूच नये. माथ्यावरच्या वाऱ्यापासून बचाव झाला की पुरे. त्यासाठी साधे, हलके विंडचीटर आणि आत पॉलिएस्टरचा शर्ट पुरतो. आमच्याकडे शेतात लावणी करताना बायका पाठीवर इरले घेत, ते पावसाचे पाणी पाठीवरून सारून देई आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळती राही. घाटमाथ्यावरचे धनगर अजूनही घोंगडीची खोळ करून पावसात उभे राहतात, कारण लोकर ओली झाली तरी काही प्रमाणात ऊब धरून ठेवते. दमट आणि उबदार पावसात हवा खेळती ठेवणे महत्त्वाचे, हे या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

जॅकेटच्या निगेबद्दल लिहिणे मला फार गरजेचे वाटते, कारण कोकण-मुंबईच्या हवेत अनेक चांगली जॅकेटे वापराने नव्हे, तर कपाटात खराब होतात. पावसाळा संपल्यावर जॅकेट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले जाते. पुढच्या वर्षी काढले की आतला लेप बोटाला चिकटतो, पांढरट पापुद्रे सुटतात, आंबूस वास येतो आणि शिवणीवरच्या टेपा लोंबू लागतात. दमट हवेतल्या पाण्याने पॉलियुरेथेनचे विघटन होते आणि त्यावर नंतर काही उपाय नसतो. म्हणून जॅकेट पूर्ण वाळवून, हँगरला लावून, हवेशीर जागी ठेवावे. दाबून घडी करू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे कापडाच्या बाहेरच्या बाजूचा पाणी झटकणारा लेप. नव्या जॅकेटवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात ते या लेपामुळे. सॅकच्या पट्ट्याखाली, मनगटावर आणि मळलेल्या ठिकाणी तो आधी जातो, आणि तेथे कापड गडद होऊन पाणी शोषू लागते. पाणी आत येत नसले तरी बाहेरचे कापड भिजल्याने वाफेची वाट बंद होते, अंगाला गार लागते आणि जॅकेट गळते आहे असा समज होतो. अशा वेळी जॅकेट फेकून देऊ नये. नेहमीच्या कपड्यांची पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात वापरू नये. अशा जॅकेटांसाठी मिळणाऱ्या द्रव साबणाने धुऊन, लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णतेवर ड्रायरमध्ये फिरवावे किंवा वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री करावी. उष्णतेने जुना लेप बराचसा पुन्हा जागा होतो. तेवढ्याने भागले नाही, तर बाजारात मिळणारा लेप धुताना किंवा फवाऱ्याने देता येतो.

हा लेप पूर्वी फ्लोरिनयुक्त रसायनांचा असे. ती निसर्गात वर्षानुवर्षे विघटित होत नाहीत, म्हणून जगभर त्यांच्यावर निर्बंध येत आहेत. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कपड्यांतील त्यांच्या वापरावर मोठ्या प्रमाणात बंदी आली आहे. फ्लोरिन नसलेले नवे लेप निसर्गाच्या दृष्टीने निश्चितच बरे आहेत, पण तेल आणि मळ यांपुढे ते लवकर हार मानतात. त्यामुळे आता घेतलेले जॅकेट आपल्याला अधिक वेळा धुवावे लागेल. मळले तर चालते, धुतले तर खराब होते, ही समजूत मनातून काढून टाकावी.

रानवाट, नाशिक

आपण सर्वांनी इतके मनापासून आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. अस्तराचे जॅकेट घेण्याचा विचार सोडला आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. फ्लीस आत घालायचे असेल तर जॅकेट नेहमीच्या मापापेक्षा मोठे घ्यावे का? आणि बाबांचे म्हणणे असे की जॅकेटाऐवजी गोविंदघाटला मिळणारा प्लास्टिकचा पोंचो घेतला, तर सॅकही झाकली जाईल आणि पैसेही वाचतील. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : हिमवाटसरू, पुणे

बाबांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. घांघरियापर्यंतच्या आडोशाच्या वाटेवर पोंचो खरोखर सोयीचा पडतो : हवा खेळती राहते आणि सॅक कोरडी राहते. हेमकुंडाच्या वाटेवर मात्र वाऱ्याने तो तोंडावर उडतो, पुढचा घोळ पायाखाली येतो आणि दगडी पायऱ्या उतरताना आपले पाऊल आपल्यालाच दिसत नाही. पातळ प्लास्टिकचा पोंचो एका दिवसातच फाटतो आणि त्याचे तुकडे त्याच दरीत पडून राहतात, जिला २००५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. बाबांना पोंचो हवाच असेल तर जाड, शिवलेला आणि परत आणता येईल असा घ्यावा, आणि त्याच्या जोडीला जॅकेट असावेच.

मापाविषयी म्हणाल तर ठोकळ्याने एक माप मोठे घेऊ नका. जे फ्लीस नेणार आहात तेच घालून दुकानात जा आणि त्यावर जॅकेट घालून पाहा. दोन्ही हात डोक्यावर नेले तर मनगट उघडे पडू नये आणि कमरेचा काठ फार वर सरकू नये; हात समोर एकमेकांत अडकवले तर पाठीत ताण बसू नये. फार ढगळ जॅकेटात वारा शिरतो आणि सॅकखाली चुण्या पडून तिथेच पाणी साचते. शक्य असेल तर दुकानातच सॅक पाठीला लावून पाहा.

पैशांची विभागणी करायची झाल्यास बाबांच्या जॅकेटसाठी थोडे अधिक द्या आणि उरलेल्या रकमेत दोघांसाठी पावसाळी पँट घ्या. बूट न काढता ती चढवता यावी म्हणून तिला घोट्यापासून पोटरीपर्यंत झिप हवी. अनेक जण जॅकेटवर सगळा खर्च करतात आणि मांड्या ओल्या झाल्यावर वाऱ्यात कुडकुडतात. सॅकच्या बाहेरच्या कव्हरवरही फार भिस्त ठेवू नका, कारण पाठीच्या बाजूने पाणी शिरतेच. आत जाड पिशवी लावून तिचे तोंड पिळून बांधावे.

खरेदी जूनच्या मध्यापर्यंत उरका. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात दोघांनी ब्रह्मगिरी किंवा अंजनेरीची एक चढाई ही जॅकेटे घालून, पाठीवर भरलेली सॅक घेऊन करावी. तिथे तुम्ही घामाने भिजालच, त्याकडे दुर्लक्ष करा. टोपी, मनगट, झिप आणि खांद्याच्या शिवणी एवढ्याच गोष्टी तपासा. पावती जपून ठेवा आणि दुकानातून परतीची मुदत आधीच विचारून घ्या, म्हणजे एखादी शिवण गळली तर निघण्यापूर्वी जॅकेट बदलून घेता येईल.